सिमेंटचं दुसरं पोतं

करामा, दुबई
६ जानेवारी २०२५

चि. शर्वाणी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. आज तो शेवटी लिहीन, उरला तर. आधी भांडण.

दोन वर्षांपूर्वी तू इथे आली होतीस, तेव्हा जेवताना सांगितलं होतंस की टोरांटोच्या तुझ्या आरोग्य केंद्रात तू नशा करणाऱ्यांना काचेच्या नळ्या वाटतेस. तेही फुकट. मी ताटावरून उठलो होतो. आज त्याच विषयावर मला तुझ्या दाराशी यावं लागतंय, याचा संताप येतोय. तुझा की माझा, ते अजून ठरलेलं नाही.

रॉयस्टन तुला आठवत असेल. माझ्या जुन्या कंपनीतल्या हिलरीचा मुलगा, वसईचा. निघताना त्याने तुला कोळंबीचं लोणचं बांधून दिलं होतं. हिलरी गेल्यावर त्याच्या आईने, मॉलीने, त्याला माझ्या भरवशावर इथे पाठवला. चार वर्षं आमच्या मधल्या खोलीत राहतो, हॉटेलात कुक आहे. बत्तीस वर्षांचा घोडा, पण मला अजून 'अंकल, चाय रखू?' असं विचारतो.

काल बाथरूममध्ये गीझरच्या मागे एक मोजा सापडला. त्यात विजेचा बल्ब, मागचं टोपण कापून काढलेला, आतून काळा. त्याच्या खालच्या ओठावर महिनाभर फोड आहे. गरम सूप चाखताना भाजलं म्हणाला होता. कुकच तो, मी विश्वास ठेवला. बल्ब दाखवल्यावर जिथे उभा होता तिथेच खाली बसला. क्रिस्टल म्हणे, नशेचे खडे. डबल शिफ्टला जाग राहते म्हणून सुरू केलं, आता शिफ्ट नसली तरी लागतं.

माझ्या दर्शनला, म्हणजे तुझ्या चुलत भावाला, यातलं काही माहीत नाही. या देशात अशा बल्बाला काय शिक्षा आहे ते तुला माहीत आहे.

मी बल्ब फेकला नाही. परत मोज्यात घालून होता तिथे ठेवला. का, ते विचारू नकोस.

तू शिकलेली आहेस, सांग मी काय करू. आणि कागदावर लिही. फोनवर असलं एक अक्षर नको, फोन कोण वाचतं कुणास ठाऊक. वर मोठा ठिपका पडलाय तो शाईचा. पेनात शाई भरताना ड्रॉपर निसटला. शाळेपासून हा एकच ड्रॉपर वापरतोय, वरचं रबर तेवढं तीनदा बदललं. कवितेच्या वहीवरही असेच ठिपके पडायचे आणि गुरुजी म्हणायचे, उल्हास, ही तुझी सही.

आशीर्वाद उरला आहे असं दिसतं. घे.

उल्हासकाका

-----

टोरांटो
२९ जानेवारी २०२५

प्रिय काका,

भांडण मिळालं, आशीर्वादही मिळाला. दोन्ही ठेवून घेते.

तुम्ही ताटावरून उठलात तेव्हा मला पुढचं सांगायचं होतं, ते राहून गेलं. आता बसा आणि वाचा.

आमच्याकडे नळी नेणारा माणूस नळी मिळाली म्हणून ओढत नाही. तो ओढणारच असतो. नळी नसली की बल्ब कापतो, कोल्ड्रिंकचा कॅन चेपतो, पेनाची नळी वितळवतो. काच तडकते, ओठ कापतो, भाजतो. मग तेच रक्त लागलेलं टोक दुसऱ्याच्या तोंडात जातं आणि त्याबरोबर आजार जातात. आम्ही जाड काचेची सरळ नळी देतो, वर रबरी टोक. ज्याचं टोक त्याचं. ओठाला मलम देतो. देताना दोन मिनिटं बोलतो. त्या दोन मिनिटांसाठी मी नोकरी करते, काका. चौथ्या-पाचव्या खेपेला माणूस स्वतःच विचारतो, सोडायचं असेल तर कुठे जाऊ.

खाली चित्र काढलंय म्हणजे तुम्हाला कळेल मी नक्की काय 'वाटते'. नळी, टोक, मापं.

मी तिथे काहीही पाठवणार नाही. कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत बेसनलाडवांच्या डब्यात घालून पाठव, असं तुमच्या मनात आलं असेल तर आत्ताच काढून टाका. तो माणूस विमानतळावरून घरी जाणार नाही.

तुमच्या हातात आहे तेवढं करा. त्याला घराबाहेर काढू नका. ओठाला व्हॅसलिन द्या, पाणी द्या, जेवायला लावा. दुसऱ्यांच्या खोलीत, दुसऱ्याच्या नळीने ओढणं, हे सगळ्यात वाईट. आणि चौकशी करा. तिकडे म्हणे माणूस पकडला जाण्याआधी स्वतःहून उपचाराला गेला, किंवा जवळच्या नात्यातलं कुणी त्याच्यासाठी अर्ज घेऊन गेलं, तर खटला होत नाही. खात्री करून घ्या.

रागावू नका. म्हणजे रागवा, पण जेवा.

शर्वाणी

-----

करामा
२१ फेब्रुवारी २०२५

शर्वाणी,

तुझं पत्र दर्शनच्या ऑफिसात फुटलं.

चूक माझी. तुला कागदावर लिही म्हणालो आणि विसरलो की या देशात पोस्टमन घराचं दार वाजवत नाही. पत्र कंपनीच्या पोस्ट बॉक्सला जातं. अठ्ठेचाळीस वर्षं इथे काढली आणि ऐनवेळी मी मनाने आपल्या गावच्या ओटीवर जाऊन बसलो, सायकलची घंटा ऐकत. रिसेप्शनवरची नूरजहाँ बॉक्समधली सगळी पाकिटं एका सुरीने कापते. तिला मराठी येत नाही, पण तुझं चित्र दिसलं. दर्शनची कंपनी पंप आणि फिटिंग विकते. तिला वाटलं, कॅनडाहून कुणाची तरी पार्टसाठी एन्क्वायरी आलीय. तिने त्यावर 'रिसीव्हड'चा शिक्का मारून, तारीख घालून, दर्शनच्या टेबलावर ठेवलं.

हसू नकोस. मी नंतर एकदा हसलो आणि लाज वाटली.

दर्शन दुपारीच घरी आला आणि त्याने रॉयस्टनला निघायला सांगितलं. रॉयस्टनने समोरच बॅग भरली. किचनमधला त्याचा चाकू तेवढा विचारून घेतला. मी दर्शनला थांबवायला गेलो तर म्हणाला, "बाबा, माझा व्हिसा, बायकोचा व्हिसा, तनिषची शाळा, सगळं एका बल्बवर टांगू का?" तो खोटं बोलत नव्हता. तनिषही दारात उभा, "आजोबा, ही इज नॉट ईव्हन फॅमिली." चार वर्षं त्याच माणसाच्या हातची बिर्याणी खातोय पोरगा.

रॉयस्टन मुहैस्नाहला गेला, सोनापूरच्या कामगारांच्या कॅम्पात. हॉटेलातल्या एका ओळखीच्याची खोली आहे, आठ जणांची. त्यातले चार जण तेच ओढतात, हे मला त्यानेच एकदा सांगितलं होतं.

तू लिहिलं होतंस, दुसऱ्यांच्या खोलीत दुसऱ्याच्या नळीने, हे सगळ्यात वाईट. तुझ्याच पत्राने त्याला तिथे पोचवला. कशाला चित्र काढायचं होतं? मी मागितलं होतं का चित्र?

तू म्हणालीस ती चौकशी दर्शनने केली, तेवढं त्याचं मन मोठं. नियम तसाच आहे म्हणाले. माणूस स्वतः, नाहीतर रक्ताचं नातं. मी अंकल. कागदावर मी कुणीच नाही.

मी दारात उभा राहून बघत बसलो. दुसऱ्यांदा.

यापुढे लिहायचं असेल तर खालच्या पत्त्यावर लिही. आमच्या बिल्डिंगखाली फैजची लाँड्री आहे, त्याचा पोस्ट बॉक्स. तो पाकीट उघडत नाही, इस्त्रीच्या शर्टात ठेवून वर पाठवतो.

काका

-----

टोरांटो
१४ मार्च २०२५

काका,

माझ्या चित्रामुळे नाही. तुमच्या मुलाच्या भीतीमुळे आणि तुमच्या गप्प बसण्यामुळे. दर्शनदादाची भीती मला कळते. तुमची गप्प बसण्याची सवय मला कधीच कळली नाही.

माझाही पारा चढलेला आहे, सरळ सांगते. आमचं केंद्र बंद करायचं घाटतंय. शेजारच्या लोकांनी सभा घेतली. एक बाई म्हणाल्या, तुम्ही यांना नळ्या देता म्हणून हे इथे येतात. मी म्हटलं, बाई, ते इथेच होते, तुम्ही बघत नव्हता. ही बाई बोलत असताना मला तुमचा चेहरा दिसत होता, ताटावरून उठतानाचा.

दोन प्रश्न. सरळ उत्तर द्या, कवितेत नको.

मॉली मावशींना काय सांगितलंत? अर्ज त्या करू शकतात. आई आहेत.

आणि 'दुसऱ्यांदा' म्हणजे काय? पहिल्या पत्रातही होतं, बल्ब का फेकला नाही ते विचारू नकोस. विचारतेय.

शर्वाणी

-----

करामा
९ एप्रिल २०२५

चि. शर्वाणी,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

मॉलीला मी सांगितलं की एसीच्या हवेने त्याला ॲलर्जी झाली, म्हणून खोली बदलली. तिने बरं म्हटलं आणि सुक्या बोंबलाबरोबर त्याच्यासाठी बामची बाटली पाठवली. ती माझ्या टेबलावर आहे.

आता दुसरा प्रश्न.

तुझे बाबा, माझा धाकटा वासुदेव, लहानपणी कविता म्हणायला उभा राहिला की तिसऱ्या कडव्यावर अडायचा. दरवेळी तिसऱ्याच. मी मागच्या बाकावरून हळूच पहिला शब्द सांगायचो आणि तो पुढे सुटायचा, पाण्यासारखा. सगळी शाळा मला त्याचा तिसऱ्या कडव्याचा भाऊ म्हणायची. मीच त्याला इकडे आणला. रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात लागला, पोती भरायच्या खात्यात. शुक्रवारी माझ्याकडे यायचा.

१९९८ मध्ये त्याच्या शर्टच्या खिशात मला एक पितळी नळी सापडली. बोटभर. कारखान्याच्या लेथवर त्याने स्वतः बनवली होती, एका टोकाला ओठ भाजू नये म्हणून दोरा गुंडाळलेला, इतका सुबक की मला आधी वाटलं कुणासाठी खेळणं केलंय. तो ब्राऊन शुगर ओढत होता, चांदीवर, म्हणजे सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावर जाळून. थोडी ओढतो, एकटाच ओढतो, सोडणार आहे दादा, म्हणाला. मी त्याला ओढत क्रीकवर नेलं आणि अब्राची होडी मध्यावर आल्यावर नळी पाण्यात फेकली. सगळ्या लोकांसमोर म्हणालो, "आता ओढून दाखव." आणि सांगितलं, सुटेपर्यंत माझ्या घराची पायरी चढू नकोस.

तो चढला नाही. सुट्टीला सोनापूरला जायला लागला. बंद खोली, सहा माणसं, एक नळी. वर्षाने व्हिसाच्या मेडिकलला छातीचा फोटो काढला, टीबी निघाला. परत पाठवला. विमानतळावर ओठ असे झाले होते की त्याला हसता येत नव्हतं. सात महिन्यांत गेला. तू सात वर्षांची होतीस.

सिमेंटची धूळ छातीत गेली, हे मी सांगितलं. तुझ्या आईला, आजीला, सगळ्यांना. कुणी उलट विचारलं नाही, कारण सगळ्यांना तेच हवं होतं.

वासुदेव अडला तेव्हा मला पहिला शब्द सांगायचा होता. मी त्याला वर्गाबाहेर काढलं.

नळीने गेला की खोलीने, ते तू शिकलीस, तूच सांग.

काका

-----

टोरांटो
२ मे २०२५

काका,

सव्वीस वर्षं मी सिमेंटचा राग केला.

बांधकाम चालू असलेल्या रस्त्याने मी नाक दाबून जाते, अजूनही. शाळेत निबंध लिहिला तो सिमेंटवर. कॉलेजात प्रोजेक्ट केला सिमेंटच्या धुळीवर आणि कामगारांच्या फुप्फुसांवर. बक्षीस मिळालं. तुम्ही मला अभिनंदनाचं पत्र पाठवलंत. काढून बघितलं काल. दोन पानी आहे, शेवटी तुम्ही स्वतः केलेली चार ओळींची कविता आहे, 'तुझ्या बापाच्या श्वासाचे तू ऋण फेडिलेस'. हे लिहिताना तुमचा हात कसा थांबला नाही?

रोज माझ्यासमोर माझ्या बाबांच्या वयाची माणसं येऊन बसतात, फुटलेल्या ओठांची. मी त्यांना नाव विचारते, घरी कोण आहे विचारते. कुणी 'मुलगी आहे' म्हणालं की मी विचारते, तिला माहीत आहे का. ते मान खाली घालतात, आणि मी, मूर्ख, त्यांना म्हणते, सांगा तिला, मुली समजून घेतात.

तुम्ही विचारलंत म्हणून नर्सचं उत्तर देते. नळीने नाही, खोलीने. टीबी हवेतून जातो. पण बाबांकडे स्वतःची नळी होती. स्वतःची जागा होती, शुक्रवार होता, भाऊ होता. तोवर त्यांना त्या खोलीची गरज नव्हती. खोलीत तुम्ही ढकललंत. हे मला लिहायचं नव्हतं, पण खोटं लिहिणारा एक माणूस घरात पुरे.

आणि मॉली मावशींना एसीची ॲलर्जी सांगितलीत. हे तुमचं सिमेंटचं दुसरं पोतं.

माझी माफी मागायला पत्र लिहू नका. मी वाचणार नाही. करामाहून सोनापूरला बस जाते ना?

शर्वाणी

-----

करामा
११ जून २०२५

चि. शर्वाणी,

माफी मागत नाही, तेव्हा वाच. अक्षर बघून दचकू नकोस. बॉलपेन आहे. सवय नाही, घसरतं.

बस जाते. दोन बदलाव्या लागतात. या दिवसांत सकाळी आठलाच स्टॉपवर उभं राहवत नाही, तरी निघालो. दर्शनला सांगून गेलो. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला उगाच कुणी धरलं तर? मी म्हटलं, तर सांग सगळ्यांना, हार्ट अटॅक आला, आपल्या घरात तेवढं जमतं. मग त्यालाही सगळं सांगितलं, वासुदेवचं. गप्प झाला. मला वाटलं माझ्यावरच गेलाय. पण मी खाली उतरलो तर गाडी काढून उभा. म्हणाला, मी आत येणार नाही, बाहेर थांबतो. तेवढं पुरे होतं. बस कुठे बदलायच्या ते मी तुझ्यासाठी पाठ केलं होतं, ते वाया गेलं.

खोली तशीच, बंद, आठ जणांची. रॉयस्टन वरच्या बंकवर. ओठ दोन्ही फुटलेले, खालच्यावर पू. मला बघून उतरला नाही. म्हणाला, "अंकल, घर से निकाला ना? अब क्या लेने आए?" मी म्हटलं, शिव्या घ्यायला, दे. त्याने दिल्या. वसईच्या मराठीत दिल्या, त्या मला नीट कळल्याही नाहीत, पण सूर कळला. दर्शनला, मला, हॉटेलच्या मॅनेजरला, मेलेल्या बापाला. मी खालच्या खाटेवर बसून ऐकल्या. खोकला मध्ये आला म्हणून थांबला.

मग मी त्याला वासुदेवची गोष्ट सांगितली. पितळी नळीची. दोऱ्याची. त्याने विचारलं, "दोरा कुठल्या रंगाचा होता?" का विचारलं कुणास ठाऊक. निळा होता. शाळेत कवितेच्या वह्या आम्ही शिवायचो तसल्या निळ्या दोऱ्याने. हे मला त्या खोलीतच आठवलं, तोपर्यंत मला रंगच आठवत नव्हता.

तिथे त्या चौघांत एकच नळी फिरते. मी त्याला विचारलं, तुझं आहे का वेगळं काही? हसला. फुटलेल्या ओठाने हसला म्हणून रक्त आलं. तेव्हा मी खिशातून काढून एक वस्तू दिली. कसली, ते शेवटी सांगतो. म्हटलं, हे तुझं. दुसऱ्या कुणाच्या तोंडात द्यायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं नाही. त्याने ते हातात उलटंपालटं केलं. "अंकल, तुम्ही मला हे देताय?" मी म्हणालो, हो, आणि रागाने देतोय, समजलास? तुझ्यावर, माझ्यावर, या खोलीवर. पण देतोय. आणि शुक्रवारी घरी जेवायला यायचं, ओढली असलीस तरी यायचं. दर्शन दार उघडेल. नाही उघडलं तर मी उघडेन.

दोन शुक्रवार आला. दर्शन त्याच्याशी बोलत नाही, पण ताट वाढतो. तनिषने विचारलं, "हाऊ आर यू, रॉयस्टन अंकल?" म्हटलं तर एवढंच.

उपचाराचं विचारलं की रॉयस्टन म्हणतो, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. अठ्ठेचाळीस वर्षांत मला हे इन्शाल्ला चांगलं कळलं आहे. म्हणून मॉलीला फोन केला. ॲलर्जी नव्हती म्हणालो, मी खोटं बोललो. सगळं सांगितलं, फोनवरच, ज्याला ऐकायचं त्याने ऐकू दे. ती जे बोलली ते तुझ्या पत्रासारखंच होतं, फक्त मोठ्या आवाजात. चार महिने, उल्हासभाऊ, चार महिने मी त्याला बाम लावायला सांगत होते. मी ऐकून घेतलं. सत्तावीस तारखेला ती येते आहे. अर्ज घेऊन पुढे ती उभी राहील, मागे मी. मागच्या बाकावरची जागा माझ्या ओळखीची आहे.

तुझ्या केंद्राचं काय झालं, लिही. आणि त्या बाईंना माझ्याकडून सांग, ताटावरून उठलेला एक म्हातारा परत येऊन बसला आहे. अन्न गार झालं, त्याला तोच जबाबदार.

तुझी पत्रं मी फैजच्या शर्टांतून काढून एकत्र ठेवली आहेत. 'रिसीव्हड'चा शिक्का असलेलं सगळ्यात वर. आता रॉयस्टनला दिलेली ती वस्तू: नळीचं रबरी टोक. चित्रात तू माप घातलं होतंस म्हणून जमलं, बोटाच्या पेराएवढं, एका बाजूने कापलेलं. घरात तेवढ्या मापाचं रबर एकच होतं. कातरीने कापलं, गरम पाण्यात उकळलं. आता ड्रॉपर नुसता काचेचा उरला आहे, त्याने शाई ओढली जात नाही. पेन कोरडं पडलंय. नवं रबर करामात मिळतं, फैज आणून देतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं. थोडे दिवस असंच लिहीन.

या वेळी ठिपका नाही. म्हणून सही करतो.

उल्हास, वासुदेवचा भाऊ